प्रोस्टेटचा कर्करोग : ऑपरेशनआधी हाताशी असलेला वेळ

कॅन्सर म्हटलं की ‘आधी ती गाठ काढून टाका’ हेच पहिल्यांदा तोंडून निघतं. प्रोस्टेटमधला कर्करोग लवकर सापडला असेल, तर मात्र ही घाई दर वेळी रुग्णाच्या हिताची नसते.

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला वेढून बसलेली असते. तिच्या खालच्या टोकाला लघवी रोखून धरणारा स्नायू असतो आणि दोन्ही अंगांना लिंगाला ताठरता आणणारे चेतातंतू. पूर्वी ग्रंथी काढताना हे तंतू हमखास तुटायचे, कारण ते नेमके कुठून जातात हेच सर्जनना ठाऊक नव्हतं. १९८१ मध्ये अमेरिकी सर्जन पॅट्रिक वॉल्श आणि नेदरलँड्समधल्या लायडनचे निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर यांनी मृत जन्मलेल्या एका अर्भकाचं विच्छेदन केलं. प्रौढ देहात सहज न दिसणारे तंतू तिथे स्पष्ट दिसले, तेही ग्रंथीच्या आवरणाबाहेर! म्हणजे ते वाचवता येणं शक्य होतं. पुढच्याच वर्षी वॉल्श यांनी ते जाणीवपूर्वक वाचवून शस्त्रक्रिया केली.

तरीही शस्त्रक्रियेची किंमत शून्यावर आलेली नाही. ती किती, हे ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ या अभ्यासाने फार प्रामाणिकपणे मोजलं. १९९९ ते २००९ या काळात ५० ते ६९ वयाच्या पुरुषांची पीएसए ही, प्रोस्टेटच्या कर्करोगाचा संशय दाखवणारी रक्तचाचणी झाली. ज्यांचा कर्करोग ग्रंथीपुरताच होता, अशा १,६४३ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले : ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसती देखरेख.

साधारण पंधरा वर्षांनंतरचे आकडे २०२३ मध्ये आले. प्रोस्टेटच्या कर्करोगाने दगावलेले : ऑपरेशन गटात २.२ टक्के, रेडिएशन गटात २.९ आणि देखरेखीच्या गटात ३.१. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकत नाही. इतर कारणांनी गेलेल्यांची संख्या याच्या कितीतरी पट होती.

पण देखरेखीच्या गटात रोग शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण ९.४ टक्के होतं, बाकी दोन्ही गटांत जेमतेम पाच टक्के. हा फरक खरा आहे, तो झाकून ठेवता कामा नये. शिवाय देखरेख म्हणजे काहीच न करणं नव्हे. त्या गटातल्या ६१ टक्के लोकांनी पुढे कधी ना कधी ऑपरेशन किंवा रेडिएशन घेतलंच. मात्र जवळपास चौथा हिस्सा पंधरा वर्षांनंतरही कोणत्याच उपचाराविना हयात होता.

आता दुसरी बाजू. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष लघवी गळते म्हणून पॅड वापरत होते. सहा वर्षांनीही १७ टक्के. देखरेखीच्या गटात हेच आकडे ४ आणि ८ टक्के होते. रेडिएशनमध्ये लघवीचा त्रास कमी, पण शौचाच्या तक्रारी जास्त. बाहेर जाताना पॅड सोबत आहे ना हे आठवावं लागणं, पत्नीशी याबद्दल बोलायचा संकोच, हे सगळं रिपोर्टच्या कागदावर उमटत नाही. म्हणूनच हे आकडे रुग्णाला ऑपरेशनआधी कळायला हवेत, असं मला कळकळीने वाटतं.

रोबो वापरला की हे प्रश्न सुटतात, असाही समज आहे. ब्रिस्बेनमध्ये रोबोने आणि खुल्या पद्धतीने झालेल्या शस्त्रक्रियांची थेट तुलना झाली. रोबोमुळे रक्तस्राव कमी झाला, पण दोन वर्षांनी लघवीवरचा ताबा आणि ताठरता दोन्हीकडे सारखीच होती.

हा हिशेब सरसकट सगळ्यांना लागू नाही. पीएसए चाचणी रूढ होण्याआधी, म्हणजे रोग बराच वाढल्यावर सापडायचा त्या काळात, स्कँडिनेव्हियात सुरू झालेल्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांना सरासरी २.९ वर्षं जास्त आयुष्य मिळालं. त्यामुळे बायोप्सीत पेशी आक्रमक दिसल्या तर उपचार लांबवू नयेत. कमी जोखमीच्या गाठीसाठी मात्र आज ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि गरजेनुसार पुन्हा बायोप्सी करत लक्ष ठेवणं हाच बहुतेकांसाठी पहिला पर्याय मानला जातो. अशा रुग्णाला निर्णयासाठी काही आठवडे घेता येतात, सर्जन आणि रेडिएशनतज्ज्ञ दोघांनाही भेटता येतं.