पाळत तंत्रज्ञान व मानवी हक्क
पाळत तंत्रज्ञान व मानवी हक्क : फोनमध्ये गुपचूप शिरणारे स्पायवेअर आणि चेहरा, बुबुळे किंवा बोटांचे ठसे यांवरून माणूस ओळखणाऱ्या यंत्रणा यांच्या गैरवापराविरुद्ध नागरिक, पत्रकार, वकील आणि संगणक-संशोधक यांनी उभारलेला बचाव. या बचावाच्या दोन बाजू आहेत. पाळत झाली हे आधी तांत्रिक पुराव्याने दाखवावे लागते आणि त्यानंतर न्यायालयात दाद मागता येते. पहिली बाजू जास्त अवघड आहे, कारण ज्याच्यावर पाळत आहे त्याला ती कळू नये हाच या तंत्रज्ञानाचा हेतू असतो.

स्पायवेअरमधले सर्वांत गाजलेले नाव म्हणजे पेगॅसस. २०१० साली स्थापन झालेल्या एनएसओ ग्रुप या इस्रायली कंपनीचे हे उत्पादन. गुन्हेगारी आणि दहशतवाद रोखण्यासाठी ते फक्त सरकारी यंत्रणांना विकतो, असे कंपनी सांगत आली आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील मानवी हक्क कार्यकर्ते अहमद मन्सूर यांच्या आयफोनवर एक एसएमएस आला : तुरुंगातल्या छळाची नवी माहिती हवी असेल तर ही लिंक उघडा. मन्सूर यांनी लिंक उघडली नाही, तो संदेश टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅब या संशोधन केंद्राकडे पाठवला. ॲपललाही ठाऊक नसलेल्या तीन त्रुटी त्यातून उघड झाल्या आणि कंपनीने तातडीने आयओएस ९.३.५ ही दुरुस्ती काढली. जगभरातले आयफोन त्यामुळे थोडे सुरक्षित झाले. मन्सूर यांना मात्र पुढच्याच वर्षी अटक झाली आणि २०१८ मध्ये दहा वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली.

पुढे लिंक उघडण्याचीही गरज उरली नाही. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपवर येऊन गेलेला, न उचललेला कॉलही पुरेसा ठरत होता. एकदा आत शिरल्यावर संदेश, छायाचित्रे, कॅमेरा, मायक्रोफोन असे सारेच पाळत ठेवणाऱ्याच्या हाती जाते. एन्क्रिप्शनचा इथे उपयोग होत नाही, कारण संदेश कुलूपबंद होण्याआधी किंवा उघडल्यानंतर थेट फोनवरच वाचला जातो. व्हॉट्सॲपच्या म्हणण्यानुसार त्या हल्ल्यात सुमारे १,४०० फोन लक्ष्य झाले होते. कंपनीने एनएसओविरुद्ध कॅलिफोर्नियात दावा लावला आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने एनएसओला जबाबदार धरले.

लक्ष्य झालेल्यांत महाराष्ट्रातले लोकही होते. नागपूरचे वकील निहालसिंग राठोड आणि लेखक-प्राध्यापक आनंद तेलतुंबडे यांनी आपल्याला व्हॉट्सॲपकडून तसा इशारा मिळाल्याचे जाहीरपणे सांगितले. दोघांचाही संबंध भीमा कोरेगाव–एल्गार परिषद खटल्याशी आहे, राठोड बचाव पक्षाचे वकील म्हणून आणि तेलतुंबडे आरोपी म्हणून. याच खटल्यातील आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपच्या प्रतीची तपासणी आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन कंपनीने बचाव पक्षासाठी केली. नेटवायर या स्पायवेअरच्या मदतीने त्यात बाहेरून फाइली घुसवल्या गेल्या, असा निष्कर्ष कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये मांडला. राष्ट्रीय तपास यंत्रणेला तो मान्य नाही. निष्कर्ष खरा मानला तर मुद्दा गोपनीयतेपुरता राहत नाही. जे साधन वाचू शकते ते लिहूही शकते, आणि मग जप्त केलेल्या संगणकातल्या पुराव्यावर कितपत भिस्त ठेवायची हा फौजदारी न्यायाचाच प्रश्न होतो.

जुलै २०२१ मध्ये फॉरबिडन स्टोरीज ही पत्रकारांची संस्था, ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ही मानवी हक्क संघटना आणि सतरा वृत्तसंस्थांनी पेगॅससच्या संभाव्य लक्ष्यांच्या सुमारे ५०,००० दूरध्वनी क्रमांकांच्या यादीवर आधारलेल्या बातम्या प्रसिद्ध केल्या. यादीत नंबर असणे म्हणजे फोन फोडला गेला असे नव्हे. ते फोन प्रत्यक्ष तपासूनच ठरते. त्यासाठी ॲम्नेस्टीने एमव्हीटी हे फोनमधल्या शिरकावाच्या खुणा शोधणारे साधन सर्वांना खुले करून दिले. आयफोनमध्ये अशा खुणा बऱ्यापैकी टिकतात, अँड्रॉइडमध्ये फारच कमी.

भारतात हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारने सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यायला नकार दिला. राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतले की न्यायालयाने गप्प बसावे असे नाही, असे बजावून न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक अश्विन गुमास्ते हे तिच्या तीन सदस्यांपैकी एक. समितीकडे तपासणीसाठी २९ फोन आले. त्यांतल्या पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडले, पण ते पेगॅससच आहे असे ठामपणे म्हणता आले नाही. सरकारने सहकार्य केले नाही, असेही ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले. पेगॅसस विकत घेतले की नाही, या साध्या प्रश्नाचे उत्तर या सगळ्यातून मिळाले नाही.

कायद्याची स्थिती विचित्र आहे. १८८५ च्या तार कायद्याखालील फोन टॅपिंगला सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेत काही अटी घातल्या. पण परवानगी देणारा गृहसचिव आणि तिचा फेरविचार करणारी समितीही अधिकाऱ्यांचीच, न्यायाधीश कुठेच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ ने हीच चौकट संगणकांना लावली. दुसऱ्याच्या संगणकात विनापरवाना शिरणे याच कायद्याने गुन्हा आहे. सरकारने शिरकाव केला तर काय, हे त्यात स्पष्टपणे लिहिलेले नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही अधिसूचित सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट मोकळी ठेवली आहे.

बायोमेट्रिक, म्हणजे चेहरा, बुबुळे, ठसे अशा शारीरिक खुणांवरून होणाऱ्या पाळतीविरुद्धच्या लढ्याचा पाया मात्र भारतातच भक्कम घातला गेला. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारला आव्हान दिले, त्यातून २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. या हक्कावर बंधन घालायचे तर त्यासाठी कायदा हवा, हेतू वैध हवा आणि उपाय प्रमाणात हवा. आधार योजना २०१८ मध्ये काही मर्यादांसह टिकली. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने पोलिसांना बुबुळांचे स्कॅनही घेता येते आणि अशी माहिती ७५ वर्षे जपून ठेवता येते.

यंत्राने चेहरा ओळखण्याबाबत तर भारतात स्वतंत्र कायदाच नाही. ब्रिटनमध्ये २०२० साली अपील न्यायालयाने साउथ वेल्स पोलिसांचा असा वापर बेकायदा ठरवला, कारण कुणावर आणि कुठे कॅमेरा रोखायचा हे पोलिसांच्या मर्जीवर सोडलेले होते. हैदराबादेत मे २०२१ मध्ये टाळेबंदीच्या काळात पोलिसांनी एका सामाजिक कार्यकर्त्याला रस्त्यात थांबवून मास्क काढायला सांगितले आणि नकार दिल्यावरही त्याचा फोटो काढला. तो कशासाठी, कोणत्या कायद्याखाली, अशी विचारणा त्याने पोलिसांकडे केली आणि पुढे चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेच्या वापराविरुद्ध तेलंगण उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने राज्य सरकारला नोटीस काढली.