रक्त फिरतं, हे हिशेबाने कळलं

रक्त तपासायला गेलं की लॅबमधली ताई दंडाला रबरी पट्टा आवळते आणि म्हणते, "मूठ घट्ट करा." कोपराच्या खळगीतली शीर टरारून वर येते. सुई जाते, पट्टा सुटतो, शीर पुन्हा बसते. आपण बहुतेक वेळा मान दुसरीकडे वळवलेली असते, त्यामुळे एक गोष्ट नजरेतून सुटते. शीर फुगते ती पट्ट्याच्या खाली, पंजाच्या बाजूला. शिरेतलं रक्त हृदयाकडून बोटांकडे जात असतं, तर फुगायला हवी होती पट्ट्याच्या वरची बाजू.

युरोपात शीर तोडून रक्त काढणारे शतकानुशतकं असाच पट्टा बांधत होते. तरी विल्यम हार्वे या वैद्याला त्याचा नीट अर्थ जगापुढे मांडायला १६२८ साल उजाडावं लागलं. शिवजन्माला तेव्हा दोन वर्षं होती.

तोवर दबदबा होता गॅलेनचा. दुसऱ्या शतकात रोममध्ये नावाजलेल्या या ग्रीक वैद्याचं म्हणणं असं: खाल्लेल्या अन्नाचं यकृतात रक्त होतं, ते शिरांमधून अंगभर जातं आणि तिथेच जिरतं. पाटाचं पाणी शेतात जिरावं तसं. म्हणजे रोज नवं रक्त, आणि परत येण्याचा प्रश्नच नाही. मग हृदयाच्या उजव्या कप्प्यातलं थोडं रक्त डावीकडे जातं कसं? गॅलेनने सांगितलं, मधल्या पडद्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं आहेत. ती भोकं कुणी पाहिली नव्हती, पण तेराशे-चौदाशे वर्षं ती पुस्तकांत टिकून राहिली.

पहिला स्पष्ट नकार आला तो युरोपातून नाही. दमास्कसजवळ जन्मलेल्या आणि पुढे कैरोत नावारूपाला आलेल्या इब्न अल-नफीसने १२४२ मध्ये लिहिलं की पडदा जाड आहे, त्याला भोकं नाहीत. उजवीकडचं रक्त फुप्फुसांत जातं, तिथे हवेशी मिसळतं आणि मग डावीकडे येतं. हे लिखाण पुढे विस्मरणात गेलं. १९२४ मध्ये एका इजिप्शियन डॉक्टरला त्याची प्रत बर्लिनच्या ग्रंथालयात सापडली. स्पेनच्या मिगेल सर्व्हेटस या वैद्याने १५५३ मध्ये साधारण हेच मांडलं, तेही एका धर्मविषयक ग्रंथात. त्यातल्या धार्मिक मतांपायी त्याला त्याच वर्षी जिनिव्हात जिवंत जाळलं.

विल्यम हार्वे हा इंग्लंडचा. शिकला मात्र इटलीत, पादुआला. तिथे त्याचे गुरू फॅब्रिशियस यांनी शिरांच्या आत छोट्या झडपा दाखवल्या होत्या. गुरूंना वाटलं, रक्त एकदम हातापायांत साचू नये म्हणून हा अडसर. शिष्याने नीट पाहिलं, तर प्रत्येक झडप हृदयाच्याच बाजूला उघडत होती.

हे घरीही करून बघता येतं. हात खाली सोडा, मनगटाजवळची फुगलेली शीर एका बोटाने दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातलं रक्त वर कोपराकडे सारा. मधली शीर सपाट होते आणि वरून भरत नाही. खालचं बोट उचललं की क्षणात भरते.

दोरीचा प्रयोग तर त्याहून सुरेख. दंड अगदी करकचून आवळला की पंजा पांढरा, गार पडतो आणि नाडी लागत नाही. दोरी जराशी सैल केली की नाडी परत येते, पण पंजा लाल होऊन सुजतो. कारण रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनी, खोल असते, ती आधी मोकळी होते. वरवरची नीला, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणारी शीर, मात्र दाबलेलीच राहते. रक्ताची येण्याची वाट एक, जाण्याची दुसरी.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो त्याचा हिशेब. एका ठोक्याला हृदयातून अर्धा औंसच रक्त बाहेर पडतं असं धरा, हार्वे म्हणाला. अर्ध्या तासात ठोके हजाराच्या वर. म्हणजे पाचशे औंस, साधारण १५ किलो. एवढं रक्त अख्ख्या अंगात नसतं, आणि तेवढं अर्ध्या तासात बनवणारं जेवण कोण जेवतो? तेव्हा तेच रक्त फिरून येत असणार. त्याने आकडा मुद्दाम कमी धरला होता. आज आपल्याला माहीत आहे की ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं. अंगातलं जवळपास पाच लिटर रक्त मिनिटाभरात एक फेरी पुरी करतं.

१६२८ मध्ये फ्रँकफर्टला छापलेलं त्याचं ७२ पानांचं लॅटिन पुस्तक आलं आणि गहजब झाला. पॅरिसच्या रिओलां या शरीररचनातज्ज्ञासारख्या मातब्बरांनी कडाडून विरोध केला. त्यांच्या हाती एक खरा मुद्दाही होता: रोहिणीतलं रक्त नीलेत शिरतं कुठून? हार्वेला ती जागा दाखवता आली नाही. अशी वाट असलीच पाहिजे, एवढंच तो म्हणू शकत होता. न दिसणारी वाट गॅलेननेही मानली होती आणि हार्वेनेही. गॅलेनला ती आपली मांडणी सांभाळायला लागत होती. हार्वेला मात्र मोजलेल्या आकड्यांनी तिथवर आणून सोडलं होतं.

हार्वे १६५७ मध्ये गेला. चार वर्षांनी, १६६१ मध्ये, मार्चेल्लो माल्पिगीने बेडकाचं फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि रोहिणी नीलेला जोडणारं केसासारख्या नळ्यांचं जाळं त्याला दिसलं. म्हणून तर मराठीत त्यांना केशवाहिन्या म्हणतात.