परागज्वर आणि झोप

परागज्वर : वाऱ्यावर उडणाऱ्या परागकणांमुळे नाकाच्या आणि डोळ्यांच्या अस्तराला येणारी ॲलर्जीची सूज. लागोपाठ शिंका, पाण्यासारखे वाहणारे नाक, नाक चोंदणे, टाळूला आणि डोळ्यांना सुटणारी खाज ही तिची लक्षणे. वैद्यकात तिला हंगामी ॲलर्जिक ऱ्हायनायटिस म्हणतात. नावात ज्वर असला तरी अंगात ताप नसतो. ‘हे फीव्हर’ या इंग्रजी नावात वाळलेले गवत आहे, पण दोष वाळलेल्या गवताचा नसून फुलोऱ्यावर आलेल्या जिवंत गवताचा असतो. मराठी बोलण्यात या दुखण्याला वेगळे नावच नाही. ‘सकाळच्या शिंका’, ‘धुळीची ॲलर्जी’, ‘कायमची सर्दी’ अशा शब्दांत ते वर्षानुवर्षे मुरते आणि झोपेचे त्यामुळे काय होते, हे डॉक्टरांना सांगायचे राहूनच जाते.

वास्तविक या आजाराची तीव्रता मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत झोपेला पहिल्या ओळीत स्थान आहे. ‘एरिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आठवड्यातून ४ पेक्षा कमी दिवस किंवा सलग ४ आठवड्यांपेक्षा कमी काळ टिकणारा त्रास अधूनमधूनचा, त्याहून जास्त तो चिवट. सौम्य आणि मध्यम-ते-तीव्र यांतली रेषा मात्र शिंकांच्या संख्येवर ठरत नाही. झोप मोडते का, शाळा वा काम अडते का, खेळणे-फिरणे सुटते का, लक्षणे जाचक वाटतात का, यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ आले की आजार सौम्य राहत नाही. दिवसभरात दोनदाच शिंकणारा, पण रात्री तोंड उघडे टाकून तळमळणारा माणूस या मापाने मध्यम-ते-तीव्र गटात जातो.

इतिहास : लंडनचे डॉक्टर जॉन बोस्टॉक यांनी १८१९ साली या आजाराचे पहिले व्यवस्थित वर्णन केले. रुग्ण ते स्वतःच होते. १८२८ मध्ये त्यांनी आणखी २८ रुग्णांची हकिगत मांडली. लोक तेव्हाही ताज्या कापलेल्या गवताला दोष देत होते. बोस्टॉकना ते पटले नाही, त्यांनी उन्हाळ्याच्या उष्म्याकडे बोट दाखवले. या बाबतीत लोकच सत्याच्या अधिक जवळ होते. परागकणांचा पुरावा मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ साली दिला. तेही याच दुखण्याने बेजार होते. त्यांनी स्वतःच्या नाकात आणि त्वचेवर पराग लावून पाहिले, चिकट काचपट्ट्यांवर हवेतले कण मोजले आणि उंचावरच्या हवेत पराग असतात का हे पाहण्यासाठी पट्ट्या पतंगाला बांधून वर सोडल्या. १९११ साली लंडनमध्येच लेनर्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क थोड्या थोड्या मात्रेने टोचून शरीराला सवय लावण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. आजची ॲलर्जीची लस त्याचीच वारस आहे.

कोणते पराग : रंगीत, सुगंधी फुले सहसा निर्दोष असतात. त्यांचे पराग जड आणि चिकट असतात, ते कीटकांच्या अंगाला लागून जातात. त्रास देतात ती वाऱ्यावर भिस्त ठेवणारी, नजरेतही न भरणारी फुले. ब्रिटनमध्ये मे ते जुलै हा गवताचा हंगाम. उत्तर अमेरिकेत ऑगस्टच्या मध्यापासून हिमतुषार पडेपर्यंत रॅगवीड या तणाचा. जपानमध्ये फेब्रुवारी-मार्चपासून सुगी या देवदारासारख्या वृक्षाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडासाठी सुगीची प्रचंड लागवड झाली. ती झाडे वयात आली आणि परागज्वर हा तिथे राष्ट्रीय प्रश्न होऊन बसला.

महाराष्ट्रात गवतांचा फुलोरा पावसाळ्याच्या अखेरीस, भाद्रपद-आश्विनात जोरावर असतो. हरळी, काटेमाठ, एरंड, वेडी बाभूळ यांचे पराग हवेत असतात. माघ-फाल्गुनात पानगळ झालेला वावळ वृक्ष फुलतो. यांत सर्वांत बदनाम गाजर गवत. नावाने गवत असले तरी ते सूर्यफुलाच्या कुळातले तण आहे. १९५०च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात त्याची नोंद झाली आणि काही दशकांत ते देशभर पसरले. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आले, अशी समजूत आहे. ‘काँग्रेस गवत’, ‘पांढरी टोपी’, ‘चटक चांदणी’ ही नावे लोकांनी त्याला दिली. त्वचेला होणाऱ्या त्रासासाठी ते कुप्रसिद्ध आहेच, पण त्याचे पराग नाकालाही सोडत नाहीत. रॅगवीड याच कुळातले असून दोघांच्या परागांतली प्रथिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत, की गाजर गवताने संवेदनशील झालेले शरीर रॅगवीडलाही ओळखू शकते. पुण्याहून न्यू जर्सीला गेलेल्या माणसाला पहिल्याच ऑगस्टमध्ये शिंका सुरू झाल्या, तर त्याचे मूळ कधी कधी पुण्याच्या मोकळ्या प्लॉटमध्ये असू शकते. एरवी नव्या देशातल्या परागांची ॲलर्जी जडायला काही हंगाम जावे लागतात, त्यामुळे ‘इतकी वर्षे काही नव्हते, आताच कसे झाले’ हा प्रश्न परदेशातल्या मराठी घरांत वारंवार ऐकू येतो.

एक सावधगिरीची गोष्ट इथेच सांगायला हवी. आपल्याकडे, विशेषतः कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत, बारमाही नाक चोंदण्यामागे परागांपेक्षा गादीतले धूळ-कोळी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव, आणि भिंतीवरची बुरशी जास्त वेळा सापडते. अनेकांना दोन्ही असतात. त्वचेवरची टोचणी-चाचणी किंवा रक्ताची तपासणी करून गुन्हेगार ओळखला, तर उपाय नेमके करता येतात.

रात्री काय होते : पराग नाकाच्या अस्तरावर बसला की आयजीई या ॲलर्जीच्या प्रतिपिंडांनी सज्ज असलेल्या मास्ट पेशी फुटतात आणि हिस्टामिन हे खाज-सूज आणणारे रसायन बाहेर पडते. शिंका, खाज, पाणी हे काही मिनिटांत. पण गोष्ट तिथे संपत नाही. चार ते आठ तासांनी दुसरी लाट येते. त्या वेळी रक्तातल्या दाहक पेशी अस्तरात जमतात आणि नाक आतून सुजते. संध्याकाळच्या फेरफटक्यात घेतलेला पराग असा मध्यरात्रीनंतर वसुलीला येतो. त्यात आडवे झाल्यावर डोक्याकडचा शिरांतला दाब वाढून नाकातले रक्ताने भरलेले उंचवटे अधिक फुगतात. शरीराचे स्वतःचे दाहशामक संप्रेरक, कॉर्टिसॉल, मध्यरात्रीच्या सुमारास नीचांकाला असते. त्यामुळे त्रास पहाटे शिगेला पोहोचतो.

श्वासमार्गातल्या एकूण अडथळ्यापैकी निम्म्याहून अधिक नाकातच असतो. नाक बंद झाले की तोंड उघडते, घसा कोरडा पडतो, जीभ मागे सरकते, घोरणे सुरू होते. मेंदू काही सेकंदांसाठी जागा होतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी याची आठवण नसते, फक्त ‘आठ तास झोपूनही अंग जड’ ही तक्रार उरते. ज्यांना आधीच निद्राश्वासरोध, म्हणजे झोपेत श्वास मधूनमधून थांबण्याचा विकार, आहे, त्यांचा तो बळावतो. मुले थकलेली दिसत नाहीत, ती चिडचिडी आणि अस्वस्थ होतात. डोळ्यांखाली काळसर छटा, तळहाताने नाक वर ढकलत राहण्याची सवय आणि त्यामुळे नाकाच्या शेंड्याजवळ पडलेली आडवी रेघ ही त्यांची खूण.

ब्रिटनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, परागज्वराची लक्षणे असलेल्या किशोरांची उन्हाळी परीक्षेतली श्रेणी हिवाळ्यातल्या सराव परीक्षेपेक्षा घसरण्याची शक्यता ४० टक्क्यांनी जास्त आढळली. गुंगी आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्या घेणाऱ्यांत ती ७० टक्क्यांनी जास्त होती. म्हणजे औषधच परीक्षेला बसले होते म्हणायचे!

औषधे : झोपेचा शत्रू मुख्यतः चोंदलेपणा आहे, आणि त्यावर सर्वांत परिणामकारक ठरतात ते नाकात मारायचे स्टेरॉइड फवारे : फ्लुटिकासोन, मोमेटासोन, ब्युडेसोनाइड. स्टेरॉइड या शब्दाला घरोघरी जी भीती आहे, ती पोटात घ्यायच्या गोळ्यांसाठी रास्त, फवाऱ्यातल्या अल्प मात्रेसाठी अवाजवी आहे. पण हा फवारा बाम नव्हे. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून हंगामाच्या आधीच सुरुवात करून रोज घ्यावा लागतो. ‘दोन दिवस मारला, काही फरक नाही’ म्हणून कपाटात गेलेल्या बाटल्या असंख्य असतील. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, तोटी मधल्या पडद्याकडे न रोखता बाहेरच्या बाजूला, आणि जोराने न हुंगणे, एवढे पाळले तर औषध घशात न उतरता जागेवर राहते आणि नाकातून रक्त येण्याची तक्रारही कमी होते.

गोळ्यांपैकी फेक्सोफेनाडिन आणि लोराटाडिन गुंगी क्वचितच आणतात. सेटिरिझिन व लेव्होसेटिरिझिन काहींना आणतात. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेऊ नये, शोषण घटते. शिंका आणि खाजेवर या गोळ्या चांगल्या, चोंदलेल्या नाकावर बेताच्या. जुन्या पिढीतले क्लोरफेनिरामाइन अजूनही सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत असते. ते घेऊन डोळे मिटतात खरे, पण स्वप्नांच्या झोपेचा वाटा घटतो आणि गुंगी सकाळच्या दुचाकीवरही सोबत येते. रात्री ‘सर्दीची गोळी’ मुद्दाम झोपेसाठी घेणारे लोक गुंगी आणि झोप या दोन गोष्टींत गल्लत करतात.

आपल्याकडे औषधाच्या दुकानात सर्वाधिक सहजतेने हाती पडते ती माँटेलुकास्ट आणि लेव्होसेटिरिझिनची जोडगोळी. माँटेलुकास्टमुळे काही जणांना भयानक स्वप्ने, निद्रानाश, उदासी, आत्महत्येचे विचार येऊ शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला आणि साध्या परागज्वरासाठी ते पहिली निवड नसावे असे सांगितले. झोपेसाठी घेतलेली गोळीच झोप उडवत नाही ना, हे मुलांच्या बाबतीत तर आवर्जून पाहायला हवे.

ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन यांचे थेंब नाक पाच मिनिटांत मोकळे करतात. तेच त्यांचे आकर्षण आणि तोच सापळा. चार-पाच दिवसांपलीकडे वापरले तर औषध उतरताच नाक आधीपेक्षा घट्ट बंद होते आणि उशीखाली बाटली ठेवल्याशिवाय झोप येत नाही अशी अवस्था येते. वर्षानुवर्षे त्रास असेल तर लसीकरणाचा मार्ग आहे : त्वचेखाली टोचून किंवा जिभेखाली ठेवून, साधारण ३ वर्षे. आजाराचा कलच बदलणारा एवढा एकच उपचार आहे, आणि तो तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायचा असतो.

घरातले उपाय : मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा सर्वांत स्वस्त आणि बिनगुंगीचा उपाय. जलनेती करणाऱ्यांना तो नवा नाही. अर्धा लिटर पाण्याला साधारण साडेचार ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा मीठ पुरते. याहून पाणी अळणी वा खारट झाले तर नाकात झोंबते. पाणी उकळून गार केलेलेच हवे. नळाच्या पाण्यात क्वचित असणारा नेग्लेरिया नावाचा अमीबा पोटात गेला तर काही बिघडत नाही, नाकातून वर चढला तर मेंदूला प्राणघातक संसर्ग करतो. झोपण्याआधी नाक धुऊन मग फवारा मारला, तर दोन्हींचा उपयोग वाढतो.

ओव्याची पुरचुंडी, वाफारा, पुदिन्याच्या अर्काचा बाम यांनी बरे वाटते, आणि रात्री एकला बरे वाटणेही थोडेथोडके नसते. मात्र मेंथॉलने नाकातला अडथळा मोजून पाहिला तर तेवढाच राहतो. थंड संवेदनेमुळे मेंदूला हवा जास्त आल्याचा भास होतो.

बाकीची व्यवस्था खोलीची. बाहेरून आल्यावर कपडे बदलावेत आणि हंगामात अंघोळ रात्री करावी, केसांवरून. नाहीतर दिवसभराचा पराग उशीवर उतरतो. गॅलरीत दिवसभर वाळत घातलेली चादर त्या रात्री अंथरणे म्हणजे पराग पांघरून झोपणे. गादीतले धूळ-कोळी हे कारण असेल तर अभ्रे-चादरी आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवाव्या लागतात. उन्हात गाद्या घालण्याची जुनी रीत ओल काढायला चांगली, पण झटकायचे काम ॲलर्जी असलेल्याकडे देऊ नये. डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवल्याने चोंदलेपणा उतरतो. मद्याने नाक फुगते. डासांची कॉइल आणि उदबत्ती ॲलर्जी आणत नाहीत, पण आधीच सुजलेल्या नाकाला चिथावतात. मच्छरदाणी हा डास आणि कॉइलचा धूर या दोन्ही शत्रूंवरचा तोडगा.

धोक्याच्या खुणा : एकाच नाकपुडीचा सततचा अडथळा, रक्तमिश्रित स्राव, झोपेत श्वास थांबणे, मुलाचे रोजचे घोरणे यांत नाक-कान-घसा तज्ज्ञाची तपासणी लागते. छातीत घरघर किंवा रात्रीचा खोकला असेल तर दमा तपासावा. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मेलबर्नमध्ये वादळी पावसाआधीच्या झोतात राय गवताचे पराग फुटून बारीक कणांच्या रूपाने फुप्फुसात गेले आणि हजारो लोकांनी रुग्णालये गाठली. १० जण दगावले. बाधितांमध्ये परागज्वर असलेले पण दम्याचे निदान कधीच न झालेले लोक बरेच होते, आणि भारतीय वंशाच्या रहिवाशांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने जास्त होते. तेव्हापासून तिथे वसंतात परागांच्या अंदाजाबरोबर वादळी दम्याचा इशाराही दिला जातो.