जलसुरक्षा (ग्रामीण विदर्भ)

नदी, धरण व तलावांत नौकेने जाताना, पोहताना किंवा उडी मारताना पाळायचे नियम. विदर्भात हा प्रश्न सहलींपेक्षा रोजच्या कामाशी जास्त जोडलेला आहे. वैनगंगा, वर्धा या नद्यांवर पूल दूर असला की शेतमजूर, बाजारकरू डोंग्यानेच पैलतीर गाठतात. 23 जानेवारी 2024 रोजी चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटून मिरची तोडायला निघालेल्या 6 महिला बुडाल्या. त्याआधी 14 सप्टेंबर 2021 रोजी वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत एकाच नात्यागोत्यातल्या 11 जणांचा जीव गेला. ही मंडळी दशक्रियेसाठी आलेली होती.

डोंगा अरुंद असतो. त्यात पाणी शिरले की माणसे घाबरून एकदम उठतात, एका बाजूला सरकतात आणि तिथेच तो कलंडतो. म्हणून बसूनच राहणे हा पहिला नियम. नावेचा काठ पाण्यापासून वीतभरही वर राहत नसेल, तर माणसे उतरवून दोन फेऱ्या कराव्यात. मजुरीची वेळ टळते म्हणून सगळ्यांना एकदाच कोंबू नये. लाकडी नाव उलटली तरी बहुधा तरंगत राहते, तेव्हा तिलाच धरून राहावे. लाइफ जॅकेट नावेत नुसते ठेवून भागत नाही. त्याचे पट्टे आवळलेले नसले, तर माणूस पाण्यात पडताच ते डोक्यावरून निसटते.

अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 ने 1917 चा जुना कायदा बदलला आणि यंत्र नसलेल्या नावांच्या नोंदणीचीही तरतूद केली. घाटावर जॅकेट पोचवणे हे मात्र स्थानिक प्रशासनाचे काम आहे आणि ते मजुरांच्या घाटांपासून सुरू व्हायला हवे.

पोहणाऱ्यांना मोठा धोका रेती उपशाचा. काल गुडघाभर पाणी होते तिथे आज डोह असू शकतो, आणि गढूळ पाण्यात तो दिसत नाही. गोसीखुर्दसारख्या धरणांच्या फुगवट्यात बुडालेली झाडे तशीच असतात. अनोळखी पाण्यात सूर मारू नये. डोके तळाला आपटून मान मोडते, हातपाय कायमचे लुळे पडतात. गोसीखुर्दला 33 दरवाजे आहेत आणि ते उघडून पाणी सोडले की खालच्या पात्रात पाणी वाढते. विसर्गाचा इशारा मिळताच पात्रातून जनावरांसह बाहेर पडावे.

बुडणाऱ्याला वाचवायला स्वतः झेप घेऊ नये. दोर, बांबू, लुगडे, रिकामा प्लास्टिक डबा, ट्रॅक्टरची ट्यूब, जे हाताशी असेल ते फेकावे. बाहेर काढलेल्याला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात मोलाचा वेळ जातो. श्वास थांबला असल्यास आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीवर 30 दाब व 2 श्वास हा क्रम चालू ठेवावा आणि 108 ला फोन करावा. शुद्धीवर आलेल्यालाही दवाखान्यात न्यावेच, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.