विभाजित सरकार (अमेरिका)

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि काँग्रेसची (म्हणजे तिथल्या कायदेमंडळाची; प्रतिनिधीगृह आणि सिनेट) एक किंवा दोन्ही सभागृहे दुसऱ्या पक्षाच्या ताब्यात असली, की त्या स्थितीला विभाजित सरकार म्हणतात. संसदीय पद्धतीत बहुमत गेले की सरकार पडते. इथे ते पडत नाही, अडते.

याचे मूळ वेळापत्रकात आहे. राष्ट्राध्यक्षाची मुदत ४ वर्षे, प्रतिनिधीगृहाच्या सर्व ४३५ जागांची २ वर्षे, सिनेटच्या १०० जागांची ६ वर्षे. त्यांतल्या सुमारे एकतृतीयांश जागा दर २ वर्षांनी लढवल्या जातात. त्यामुळे राष्ट्राध्यक्षाला हात न लावता मतदार त्याच्या पक्षाकडून सभागृह काढून घेतात. २०१०, २०१८ आणि २०२२ च्या मध्यावधी निवडणुकांत प्रतिनिधीगृह असेच गेले.

कोणते सभागृह गेले, यावर बरेच ठरते. प्रतिनिधीगृह विरोधकांकडे असेल तर चौकशा, समन्स आणि महाभियोगाचा ठराव यांची टांगती तलवार राहते. न्यायाधीशांच्या नेमणुका मात्र सुरळीत चालतात, कारण त्यांना मान्यता फक्त सिनेट देते. सिनेट गेली तर उलटे. मार्च २०१६ मध्ये ओबामांनी सर्वोच्च न्यायालयासाठी मेरिक गार्लंड यांचे नाव पाठवले, पण रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटने सुनावणीच घेतली नाही. जानेवारी २०१७ मध्ये काँग्रेसची मुदत संपली आणि नाव आपोआप बाद झाले. विरोधात मतदान करण्याचीही गरज पडली नाही.

विधेयक हाती आल्यावर नकाराधिकार वापरायला राष्ट्राध्यक्षाकडे रविवार वगळून १० दिवस असतात. तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते लागतात. हे क्वचितच जमते. १९४७ मध्ये ट्रूमन यांचा नकाराधिकार मोडून टाफ्ट-हार्टली कामगार कायदा झाला, तो असाच अपवाद.

खरी कोंडी पैशाची. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. तोवर खर्चाची १२ विधेयके किंवा निदान तात्पुरता खर्चठराव मंजूर झाला नाही, तर शटडाउन: अत्यावश्यक कर्मचारी बिनपगारी कामावर, बाकीचे घरी. क्लिंटन आणि रिपब्लिकन काँग्रेस यांच्या भांडणात १९९५-९६ मध्ये एक शटडाउन २१ दिवस चालले. मात्र सगळे खापर विभाजनावर फोडता येत नाही. २०२५ चे ४३ दिवसांचे शटडाउन झाले तेव्हा राष्ट्राध्यक्षपद आणि दोन्ही सभागृहे रिपब्लिकनांकडेच होती. सिनेटमध्ये चर्चा थांबवून विधेयक मतदानाला आणायलाच ६० मते लागतात आणि तेवढी त्यांच्याकडे नव्हती. याउलट १९८६ ची मोठी करसुधारणा रेगन यांच्या सहीने झाली, तेव्हा प्रतिनिधीगृह डेमोक्रॅटांचे होते.