‘शोध लागला नाही’चा पोलिसी दाखला आणि ‘मृत समजावे’ हा कोर्टाचा हुकूम

घरातलं म्हातारं माणूस देवळात जातो म्हणून बाहेर पडतं आणि परत येत नाही. पुढे पेन्शन, बँक, सातबारा अशी कामं अडायला लागली की कोणीतरी सांगतं, ‘सात वर्षं झाली की पोलीस दाखला देतात.’ या सल्ल्यात दोन निराळे कागद एकत्र झालेत. पोलिसांच्या दाखल्याला सात वर्षं लागत नाहीत, आणि सात वर्षांनंतर जे मागायचं ते दिवाणी कोर्टात मागायचं असतं.

आधी पोलिसांकडचा कागद. प्रौढ माणूस हरवला आणि घातपाताचा संशय नसेल तर सहसा एफआयआर होत नाही, ‘मिसिंग’ची नोंद होते. त्यासाठी 24 तास थांबायचा नियम नाही. वर्णन देताना ‘रंग सावळा, बांधा मध्यम’ एवढ्यावर भागवू नये. गोंदण, कवळी, श्रवणयंत्र, मांडीत घातलेली सळई, मोतीबिंदूचं ऑपरेशन, विसराळूपणावरच्या गोळ्या हे सगळं लिहून घ्यायला लावावं. पुढे दुसऱ्या जिल्ह्यात बेवारस मृतदेह सापडला तर या खुणांवरूनच ताळमेळ लागतो.

शोध घेऊनही माणूस सापडला नाही की पोलीस ठाण्याकडे तसा लेखी दाखला मागता येतो. त्यात मिसिंग नंबर, नोंदीची तारीख, शेवटचं कधी व कुठे पाहिलं, शोधासाठी काय केलं आणि ‘आजपर्यंत मिळून आले नाहीत’ हे स्पष्ट शब्दांत हवं. नुसतं ‘तपास चालू आहे’ लिहिलेलं पत्र पेन्शन कार्यालयातून हमखास परत येतं. नावाचं स्पेलिंगही आधार आणि पीपीओशी, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाशी, जुळवून घ्यावं, कारण पुढचे सगळे कागद याच कागदावर उभे राहतात.

हा दाखला माणूस जिवंत की मृत याबद्दल काहीच म्हणत नाही, तरी त्यावर बरंच काम होतं. केंद्र सरकारचा पेन्शनर बेपत्ता असेल तर पोलिसांत नोंद केल्यापासून 6 महिन्यांनी कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी अर्ज करता येतो. सोबत शोध न लागल्याचा पोलीस अहवाल आणि नुकसानभरपाईचं हमीपत्र, म्हणजे इन्डेम्निटी बाँड, लागतो. एफआयआरच पाहिजे असा हट्ट कोणी धरला तर सांगावं की पोलीस ठाण्याच्या डायरीतली नोंदही चालते. बँकाही स्वतः ठरवलेल्या रकमेपर्यंतचे दावे या दाखल्यावर आणि हमीपत्रावर निकाली काढू शकतात. त्यावरच्या रकमेसाठी मात्र कोर्टाची पायरी चढावी लागते.

कोर्टाचा आधार आहे भारतीय साक्ष अधिनियम, 2023 चं कलम 111. 1 जुलै 2024 पूर्वी हेच पुराव्याच्या कायद्याचं कलम 108 होतं. ज्यांना एरवी त्या माणसाची खबर मिळाली असती त्यांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. वयाची सवलत नाही. नव्वदीचे आजोबा असोत की तिशीचा तरुण, सात वर्षं तीच. आणि मुदत उलटली म्हणून आपोआप काही होत नाही, दावा लावावा लागतो. सरकारला प्रतिवादी केलं तर एरवी आधी दोन महिन्यांची नोटीसही द्यावी लागते.

सात वर्षं मोजायची ती शेवटची खबर लागली तिथपासून. हरवल्यानंतर चार महिन्यांनी त्यांचा फोन आला असेल तर गणती त्या फोनपासून. पुराव्यात मिसिंगची प्रत, पोलिसांचा दाखला, वर्तमानपत्रातली जाहिरात, नातेवाईक आणि शेजाऱ्यांच्या साक्षी आणि बँकेचं पासबुक. पासबुकातच घोळ होतो. आजोबांचं एटीएम कार्ड घरीच राहिलेलं असतं, पिन सुनेला ठाऊक असतो, आणि नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला अडेपर्यंत दर महिन्याला पैसे निघत राहतात. मग ‘खातेदार बेपत्ता’ म्हणणाऱ्या कुटुंबाच्याच पासबुकात तो दरमहा पैसे काढताना दिसतो. शिवाय जास्तीच्या पेन्शनची वसुली मागे लागते. म्हणून मिसिंगची प्रत पहिल्याच आठवड्यात बँकेला देऊन पोच घ्यावी.

दाव्यात दोन मागण्या हव्यात: मृत समजल्याचं जाहीर करावं, आणि जन्म-मृत्यू निबंधकाला नोंद घेण्याचा आदेश द्यावा. दुसरी राहिली तर हुकूमनामा हातात असूनही नगरपालिकेच्या खिडकीवर ‘यात नोंद करा असं कुठे म्हटलंय?’ ऐकावं लागतं. मृत्यूचा दाखला नाही तर सातबारावर वारसनोंदीचा फेरफारही पुढे सरकत नाही.

सगळ्यात महागात पडते ती मृत्यूच्या तारखेबद्दलची समजूत. कोर्ट मृत समजतं म्हणजे माणूस हरवला त्या दिवशी किंवा सात वर्षं भरली त्या दिवशी वारला असं ठरत नाही. एलआयसीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये हेच सांगितलं: प्रश्न कोर्टापुढे आला तेव्हा माणूस हयात नव्हता एवढंच गृहीत धरता येतं, नेमकी तारीख सांगणाऱ्याने ती सिद्ध करायची. त्यामुळे हप्ते थांबवले तर पॉलिसी मधेच बंद पडते आणि पूर्ण रकमेचा दावा बुडतो. हरवलेल्या माणसाच्या पॉलिसीचे हप्ते भरत राहणं जिवावर येतं, पण भरावेत.

आपत्तीत वाहून गेलेल्यांची गोष्ट वेगळी. जून 2013 च्या केदारनाथ प्रलयानंतर बेपत्ता यात्रेकरूंसाठी केंद्राने खास पद्धत आखली आणि सात वर्षं न थांबता, चौकशी करून व हरकती मागवून, मृत्यूचे दाखले दिले गेले. देवळात जातो म्हणून निघालेल्या माणसाला ती लागू होत नाही.