छऱ्याच्या बंदुकीलाही नेम लागतो

‘छऱ्याची बंदूक नुसती त्या दिशेला रोखली तरी पुरे, छर्रे जाळ्यासारखे पसरतात, पक्षी सापडतोच.’ अमेरिकेत रानटर्कीच्या शिकारीला पहिल्यांदा निघालेल्याला हे हमखास ऐकवलं जातं. ते साफ चूक आहे.

छऱ्याची बंदूक म्हणजे शॉटगन, एका काडतुसातून अनेक बारीक छर्रे उडवणारी. नळीतून बाहेर पडताना छर्रे एकगठ्ठा असतात. १२ बोअर या मापाच्या नळीचा आतला व्यास जेमतेम १८.५ मिलिमीटर. पुढे ते हळूहळू विखुरतात, पण टर्कीसाठी नळीच्या तोंडाशी मुद्दाम घट्ट चोक, म्हणजे नळीचं तोंड अरुंद करणारा तुकडा, लावतात. रूढ मापानुसार फुल चोकमधून ४० यार्डांवर साधारण ७० टक्के छर्रे ३० इंची वर्तुळात पडतात. १० यार्डांवर सगळा झोत तळहाताएवढ्या जागेत जातो. आणि नेम धरायचा असतो डोक्या-मानेवर, कारण छातीवरची पिसं आणि जाड मांस छर्रे अडवतात. एवढीशी, सतत हलणारी मान! जवळून चार बोटं नेम चुकला तर पक्षी सुटतो. लांबून मारला तर विरळ छर्ऱ्यांनी घायाळ होऊन झाडीत शिरतो आणि तडफडत मरतो. मला हे दुसरं फार खुपतं.

म्हणून तीच बंदूक, तोच चोक, तेच काडतूस घेऊन आधी मोठ्या कागदावर वेगवेगळ्या अंतरांवरून बार काढून पाहावेत.

‘जाळं’ डोक्यात असलं की माणूस नुसत्या आवाजाच्या रोखाने बार टाकतो. तिथे पक्ष्याला बोलावण्यासाठी टर्कीच्या आवाजाची नक्कल करत, झाडीच्या रंगाचे कपडे घालून दुसरा शिकारी बसलेला असू शकतो. अख्खा पक्षी आणि त्याच्या मागचं सगळं स्वच्छ दिसेपर्यंत बोट चापावर नेऊ नये.